धमन्यांचा ताठरपणा : हृदयविकाराची आगाऊ वर्दी

मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना काशीद ठाऊक आहे ते पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी. अलिबाग-मुरूड रस्त्यावर, अलिबागपासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर हे गाव आहे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने येथील सुरूच्या बनाची मोठी हानी केली; मात्र सुट्टीच्या दिवशी होणारी गर्दी पुन्हा परतली आहे. या किनाऱ्यावर उभे राहून लाटा पाहिल्या, तर वाळूवर आलेली लाट पसरते, फेसाळते आणि तिचा बराचसा जोर तिथेच संपतो, असे दिसते. (परतीच्या पाण्याला काशीदला जबरदस्त ओढ असते, ही बाब वेगळी, पोहणाऱ्यांनी ती विसरू नये.) तेथून पुढे मुरूडला जाऊन राजपुरीहून होडीने जंजिऱ्याकडे निघाले, की तटावर आदळलेली लाट जवळजवळ तेवढ्याच जोराने उलटी फिरताना दिसते. होडी दरवाजाला लावताना हे उलटे पाणी चांगलेच जाणवते.

मानवी शरीरात दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा अशीच एक लाट उठते. ती मऊ वाळूवर विरते की दगडी तटावर आपटून माघारी येते, यावर हृदयाचे, मेंदूचे आणि मूत्रपिंडांचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. धमन्यांचा हा तटासारखा कठीणपणा हृदयविकाराच्या झटक्यापूर्वी, पुष्कळदा रक्तदाबाचे निदान होण्याच्याही आधी, काही वर्षे सुरू झालेला असतो, हे गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. हृदयविकार म्हटला, की धमनीच्या आतल्या बाजूला साचणारे चरबीचे थर आणि त्यामुळे होणारा 'ब्लॉकेज' एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. तो विकार धमनीच्या पोकळीचा. ताठरपणा हा धमनीच्या भिंतीचा विकार आहे. (मराठी विश्वकोशात धमनीला 'रोहिणी' हा शब्द योजलेला आहे, रुग्णालयांतून मात्र धमनी हाच शब्द रुळला आहे.) दोन्ही विकार पुष्कळदा हातात हात घालून येतात, परंतु एकही 'ब्लॉकेज' नसलेल्या माणसाच्या धमन्या ताठर असू शकतात. अँजिओग्राफीत हा ताठरपणा दिसत नाही, म्हणून तो दुर्लक्षित राहतो.

महाधमनीचे काम केवळ नळीचे नाही

हृदय प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. हे काम क्षणभराचे असते. त्यानंतर हृदय विसावते. तरीही बोटांच्या टोकांपर्यंतचा रक्तप्रवाह थांबत नाही, तो अखंड चालू राहतो. याचे कारण महाधमनीचा लवचिकपणा. ठोक्याबरोबर ती फुगते, आलेल्या रक्ताचा सुमारे निम्मा हिस्सा क्षणभर सामावून घेते आणि हृदय विश्रांती घेत असताना आकसून तो पुढे लोटते. इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि संशोधक स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये धमन्यांच्या या कार्याची तुलना त्या काळच्या आगीच्या बंबाशी केली होती. बंबाचा दट्ट्या खाली-वर होत असे, पण मधल्या हवेच्या पिंपामुळे पाण्याची धार तुटत नसे.

हा लवचिकपणा येतो इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंमुळे. येथे निसर्गाने थोडी काटकसर केली आहे. शरीरातील इलॅस्टिनचा साठा मुख्यतः गर्भावस्थेत आणि बाल्यावस्थेच्या आरंभी तयार होतो. पुढे त्यात भर जवळजवळ पडत नाही. तेच तंतू वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक वेळा ताणले जातात आणि सैल होतात. पन्नाशी-साठीपर्यंत ते झिजतात, तुटतात. त्यांची जागा घेणारे कोलॅजन हे प्रथिन मजबूत असले तरी ताणले जात नाही. भिंतीत चुना साठतो. मधुमेहात रक्तातील जादा साखर या प्रथिनांना चिकटून तंतूंचे एकमेकांशी सांधे जुळवते आणि भिंत आणखी कडक होते. तंबाखू, मूत्रपिंडाचा जुना विकार, जास्त मीठ आणि बैठे जीवन यांमुळे हीच झीज लवकर होते.

महाधमनी ताठर झाली, की दोन गोष्टी घडतात. हृदयाने ढकललेल्या रक्ताला सामावून घेण्यास ती फुगत नाही, त्यामुळे ठोक्याच्या क्षणी दाब उंच चढतो. शिवाय लाट वेगाने धावते, पुढच्या बारीक धमन्यांच्या फाट्यांवर आदळते आणि परावर्तित होऊन लवकर परत येते. तरुण वयात ही परतलेली लाट हृदय विसावत असताना पोहोचते आणि हृदयालाच रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्यांत रक्त भरण्यास मदत करते. ताठर धमनीत ती हृदय अजून रक्त ढकलत असतानाच येऊन धडकते. हृदयाला समोरून धक्का बसतो, त्याचा स्नायू जाड होत जातो, आणि विश्रांतीच्या वेळी मिळणारा दाब मात्र घटतो. महाधमनीने शोषून घ्यायचे हादरे मग मेंदूतील आणि मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना सोसावे लागतात. पक्षाघात, स्मृतिभ्रंश आणि मूत्रपिंडाची दुर्बलता यांच्याशी धमन्यांच्या ताठरपणाचा संबंध जोडला जातो तो यामुळे.

लाटेचा वेग

ताठरपणा मोजण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे या लाटेचा वेग मोजणे, म्हणजेच 'पल्स वेव्ह व्हेलॉसिटी'. हा रक्ताचा वेग नव्हे. महाधमनीतील रक्त सेकंदाला सरासरी मीटरभरही सरकत नाही. दाबाची लाट मात्र त्याच्या कितीतरी पट वेगाने पुढे जाते. मानेतील आणि जांघेतील नाडीवर संवेदक ठेवून लाट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यास किती वेळ लागतो, ते पाहतात आणि अंतराला वेळेने भागतात. मानेपासून जांघेपर्यंत फितीने मोजलेले अंतर महाधमनीच्या प्रत्यक्ष मार्गापेक्षा जास्त भरते, म्हणून त्याचा ८० टक्केच हिस्सा हिशेबात धरण्याचा संकेत आहे. तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत, आणि ती थोड्या मिनिटांत आटोपते.

युरोपातील मोठ्या पाहणीनुसार (२०१०) तिशीच्या आतील निरोगी व्यक्तीत हा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर आणि सत्तरीनंतर सुमारे ११ मीटर असतो. सेकंदाला १० मीटर ही धोक्याची रेषा २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरविण्यात आली. सतरा अभ्यासांतील १५ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वेग सेकंदाला एका मीटरने वाढला तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर विकारांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासाने २०१२ मध्ये आणखी एक धागा हाती दिला. ज्यांच्या धमन्या आज ताठर आहेत त्यांना काही वर्षांनी उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता अधिक होती; याउलट आज रक्तदाब जास्त असलेल्यांच्या धमन्या पुढे अधिक ताठर होतील, असे मात्र त्या नोंदींतून दिसले नाही. उच्च रक्तदाबामुळे धमन्या कडक होतात, असे आपण शिकत आलो. क्रम अनेकदा उलटा असतो.

पाटण्याचा पणतू नव्हे, नातू

या विषयाच्या इतिहासात एक भारतीय दुवा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले आणि ब्रायटन येथे स्थायिक झाले. काही ठिकाणी पणतू असा उल्लेख होतो, पण फ्रेडरिक अकबर महंमद हे त्यांचे नातू. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिकत असतानाच त्यांनी फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांच्या नाडीलेखक यंत्रात सुधारणा केली आणि १८७२ पासून मनगटावरील नाडीच्या लाटांचे आलेख प्रसिद्ध केले. मूत्रपिंडाचा कोणताही विकार नसलेल्या, वरवर धडधाकट माणसांतही दाब वाढलेला असतो, हे त्यांनी या आलेखांवरून ओळखले. वृद्धांच्या ताठर धमन्यांची लाट कशी वेगळी दिसते, त्याचेही वर्णन केले. १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला.

पुढे १८९६ मध्ये दंडाला बांधायचा पट्टा आला, १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दाब मोजण्याची रीत सांगितली, आणि नाडीचा आलेख मागे पडला. लाटेच्या संपूर्ण आकाराऐवजी तिचा माथा आणि तळ हे दोनच आकडे वैद्यकाने हाती धरले. सोय मोठी झाली, पण काही हरवलेही. सिडनीचे डॉ. मायकेल ओरूर्क आणि इतर संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या साह्याने हा आलेख पुन्हा दवाखान्यात आणला.

नाडीच्या लाटेला अर्थ असतो, ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची गती साप, बेडूक, हंस यांच्या चालीवरून वर्णिली आहे. मुंबईची आयआयटी आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांतील संशोधकांनी २००७ मध्ये 'नाडी तरंगिणी' या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली; मनगटावर वात, पित्त, कफ यांच्या तीन स्थानी दाबाचे संवेदक ठेवून ते लाटा टिपते. मद्रासच्या आयआयटीत मानेच्या धमनीचा ताठरपणा चित्राविना, केवळ श्राव्यातीत ध्वनीने मोजणारे 'आर्टसेन्स' हे उपकरण विकसित झाले. मात्र नाडीपरीक्षा आणि लाटेच्या वेगाचे मापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या प्रतिष्ठेवर दुसरीची विक्री होत असेल, तर ग्राहकाने सावध राहावे.

'वय अधिक शंभर' हा जुना हिशेब

खर्चिक यंत्र सर्वत्र पोहोचणार नाही, हे उघड आहे. परंतु ताठरपणाची एक ढोबळ खूण रक्तदाबाच्या साध्या यंत्रातही दडलेली असते. वरच्या आकड्यातून खालचा वजा केला, की मिळतो तो 'पल्स प्रेशर', म्हणजे नाडीचा दाब. १२०/८० असताना तो ४० भरतो. पन्नाशीपर्यंत वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे हळूहळू वाढत जातात. त्यानंतर, महाधमनी ताठर होऊ लागली, की वरचा चढत राहतो आणि खालचा उतरू लागतो.

घोटाळा होतो तो इथे. समजा, पासष्ट वर्षांच्या गृहस्थांचा दाब १६०/७० आहे. घरचे म्हणतात, "वरचा वयामुळे वाढलाय, पण खालचा सत्तरच आहे ना, मग काळजी नाही." वस्तुतः या दोहोंतील अंतर ९० आहे. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूत्रांत ज्येष्ठांमध्ये ६० किंवा त्याहून जास्त अंतर हे धमन्यांना इजा पोहोचल्याचे लक्षण मानले आहे. खालचा आकडा कमी असणे हा येथे दिलासा नसून ताठरपणाचीच खूण आहे. (रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक किंवा महाधमनीची गळकी झडप यांमुळेही हे अंतर वाढते, निदान डॉक्टरांनीच करायचे.)

वरचा दाब 'वय अधिक शंभर' इतका चालतो, हा समज एकेकाळी डॉक्टरांतही होता. 'शेप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चाचणीने १९९१ मध्ये तो मोडीत काढला. साठ वर्षांवरील ४,७३६ जणांचा केवळ वरचा दाब वाढलेला होता. त्यांतील निम्म्यांना क्लोरथॅलिडोन या स्वस्त गोळीपासून सुरुवात करून औषध दिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. पस्तीस वर्षे होत आली, तरी घराघरांतून तो हिशेब अजून ऐकू येतो.

आपल्याकडे घाई का

दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातील या विभागाची माहिती २००७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली, नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी तिचे पहिले लेखक होते. पहिल्या झटक्याचे मध्यक वय दक्षिण आशियात ५३, तर इतरत्र सुमारे ५९ वर्षे होते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, चरबीचे बिघडलेले प्रमाण ही कारणे सर्वत्र सारखीच होती. आपल्याकडे ती कमी वयातच गाठतात, एवढाच फरक.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे या प्रश्नाचा धागा आणखी मागे, थेट गर्भाशयापर्यंत जातो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साऊथॅम्प्टन येथे ते साडेतीन किलो होते. पुण्याची बाळे लहान, स्नायूंनी कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली होती. यालाच पुढे 'किडकिडीत पण स्थूल' भारतीय असे म्हटले गेले. इलॅस्टिन गर्भातच घडते, हे वर आले आहे. ज्यांची वाढ पोटात असतानाच खुंटली त्यांच्या धमन्यांना लवचिकतेची शिदोरी जन्मतःच अपुरी मिळत असावी, अशी मांडणी ब्रिटिश संशोधकांनी १९९७ मध्ये केली. ती पूर्णतः सिद्ध झाली आहे, असे म्हणता येणार नाही. पण मातेच्या पोषणाचा प्रश्न हृदयरोगाच्या चर्चेत आणण्यास ती पुरेशी आहे.

काशीदपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत

अशा पूर्वसूचनेचे मोल शहरापेक्षा काशीदसारख्या गावात अधिक आहे. छातीत कळ आल्यानंतरचे पहिले तास मोलाचे, हे सर्वांना पाठ झाले आहे. काशीदहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा, रेवदंड्याची खाडी ओलांडून जाणारा. त्यातही ११ जुलै २०२१ च्या रात्री मुसळधार पावसात काशीदजवळचा पूल कोसळला, एकाचा बळी गेला आणि अलिबाग-मुरूड वाहतूक दूरच्या मार्गाने वळवावी लागली. ज्या गावात झटक्यानंतरचा वेळ असा रस्त्याच्या आणि पावसाच्या हाती असतो, तेथे झटक्याआधीची दहा वर्षे तरी आपल्या हाती असायला हवीत.

किनाऱ्यावरचे खाणे या संदर्भात दुहेरी आहे. ताजी मासळी उत्तमच. परंतु पावसाळ्याच्या बेगमीचे खारवलेले मासे, सुकट, पापड, लोणची यांतून मीठ बरेच पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. चीनमधील ६०० खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दुसरी सवय मिश्रीची. ती दात घासण्याच्या नावाखाली चालते, म्हणून ती लावणाऱ्या बाया 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला सरळ नकार देतात. प्रश्न 'मिश्री लावता का' असाच विचारावा लागतो.

ताठर झालेली धमनी पुन्हा लवचिक होते का? तुटलेले इलॅस्टिन परत येत नाही. मात्र भिंतीतील स्नायूंचा ताण आणि आतील अस्तराचे काम सुधारते. बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांनी तीन महिने नियमाने भरभर चालण्याचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या मानेच्या धमनीची लवचिकता सुमारे एक चतुर्थांशाने वाढल्याचे २००० मध्ये अमेरिकेत आढळले. अभ्यास छोटा होता, पण पुढील अनेक अभ्यासांचा कौल त्याच दिशेचा आहे. रक्तदाबाच्या औषधांनीही लाटेचा वेग उतरतो.

मग प्रत्येकाने लाटेचा वेग मोजून घ्यावा काय? येथे उत्साहाला आवर घालावा लागतो. हा आकडा मोजतेवेळच्या रक्तदाबानुसार बदलतो, आणि स्थूल व्यक्तींत अंतर मोजताना चूक होते. फ्रान्समधील 'स्पार्ट' चाचणीत काही रुग्णांचे उपचार लाटेच्या वेगानुसार, तर इतरांचे नेहमीच्या पद्धतीने ठरवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाच्या धमन्यांची झीज मंदावली, पण हृदयविकाराच्या घटनांत ठोस फरक दिसला नाही. धोका ओळखणे आणि त्या ओळखीमुळे जीव वाचणे, यांत अजून अंतर आहे. ज्याला आधीच मधुमेह वा उच्च रक्तदाब आहे, त्याने या तपासणीवर खर्च करण्याऐवजी तो पैसा औषधे न चुकवण्यासाठी वापरावा. जिथे धोका मध्यम आहे आणि औषध सुरू करावे की नाही याचा निर्णय होत नाही, तिथे या आकड्याचा खरा उपयोग.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा दाब जास्त आढळला किंवा त्यांना त्यासाठी औषध चालू होते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाला २०१७ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या जिल्ह्यांत कोकणातला सिंधुदुर्ग होता. ठरलेली स्वस्त औषधे, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत त्यांचा पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाला निरोप धाडणे, एवढ्यावर त्याची मदार होती.

घरी दाब मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीला टेकलेले असावेत आणि पट्टा हृदयाच्या पातळीत यावा. आधीचा अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजावे. ज्या हाताचा आकडा जास्त भरेल, तोच हात पुढे कायम ठेवावा. मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात आणि वहीत वरचा, खालचा व त्यांतील फरक असे तीन रकाने आखावेत. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.